ड्यूकवरून सुपर मीटिओरवर: मोठ्या क्रूझरच्या वापराचा अनुभव

वर्षानुवर्षे हलक्या, चपळ मोटारसायकली चालवून झाल्यावर मोठी क्रूझर (बुटक्या सीटवर पाय पुढे पसरून चालवायची मोटारसायकल) घ्यावी का, या विचारात असलेला प्रत्येक जण आधी वजनाबद्दल विचारतो, आणि ते रास्तच आहे. मी पुण्यात राहतो. आधी सुझुकी जिक्सर, मग अनेक वर्षे केटीएम ३९० ड्यूक अशा गाड्या वापरल्या आणि गेले बरेच महिने रॉयल एनफील्डची सुपर मीटिओर ६५० चालवतो आहे. या वापरातून माझे मत असे झाले आहे की, मोठ्या गाडीचे वजन सदासर्वकाळ जाणवत नाही. ते ठरावीक जागी आणि ठरावीक वेगालाच जाणवते, आणि अशा जागा आपल्या रोजच्या वाटेवर किती आहेत, हे गाडी घेण्याआधीच बरेचसे ताडता येते.

टाकी जवळजवळ भरलेली असताना सुपर मीटिओरचे वजन २४१ किलो भरते, म्हणजे माझ्या जुन्या ड्यूकपेक्षा सुमारे सत्तर किलो जास्त. दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर (व्हीलबेस) ड्यूकचे १३५७ मिलिमीटर, तर हिचे १५०० मिलिमीटर. हे आकडे वाचून छातीत धस्स होते. परंतु त्यांच्या जोडीने सीटची उंचीही पाहिली पाहिजे. ड्यूकची सीट ८३० मिलिमीटरवर आहे आणि हिची अवघ्या ७४० वर. मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीवर पुरते टेकतात, वजनाचा मोठा भाग खाली असतो, त्यामुळे सिग्नलला गाडी उभी असताना ती सावरण्याचे श्रम ड्यूकपेक्षा कमीच पडतात. अडचण होते ती गाडी बंद करून हाताने हलवावी लागते तेव्हा. आमच्या इमारतीच्या तळघरातील पार्किंगची फरशी भिंतीच्या दिशेने किंचित उतरती आहे. त्या उतारात पुढचे चाक भिंतीकडे करून गाडी लावली की, सीटवर बसून पायांनी ती मागे रेटता येत नाही. खाली उतरावे लागते, डावा हात हँडलवर आणि उजवा मागे बसणाऱ्याने धरायच्या दांड्यावर (ग्रॅब रेलवर) ठेवावा लागतो, कंबर टाकीला टेकवून गाडी अंगाशी धरावी लागते आणि मग ती इंचाइंचाने मागे येते. तिचा तोल पलीकडच्या बाजूला गेला, तर एकट्या माणसाने तो आवरणे अवघडच. म्हणून ही गाडी लावतानाच तोंड बाहेर काढून लावायची, हा नियम मी पहिल्या आठवड्यापासून पाळतो. तुमचे पार्किंग उताराचे, खडीचे किंवा इतर गाड्यांनी दाटलेले असेल, तर गाडी घेण्याआधी याच एका गोष्टीचा सर्वाधिक विचार करा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी जागा म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या आतला वेग. स्वारगेटच्या चौकात बस आणि रिक्षा यांच्यामधल्या फटीतून ड्यूक सहज निघत असे. सुपर मीटिओरचे हँडल रुंद, पाय पुढे पसरलेले आणि वळायला लागणारी जागा मोठी. त्यामुळे फट दिसली तरी तिच्यात शिरायचे नाही, हे मनाला पटवावे लागते. यू-टर्न घेताना अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि जिकडे जायचे तिकडे नजर, एवढे जमले की गाडी आश्चर्य वाटावे इतकी स्थिर राहते. मात्र त्या वेगाला पुढचा ब्रेक दाबला की हँडल आत ओढले जाते आणि सारे वजन एका पायावर येते. रोजचे ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि वाट दाट वाहतुकीतूनच असेल, तर ही गाडी रोजच्या कामाला मी सुचवणार नाही. हे इंजिन हवा आणि तेल यांनी थंड होणारे आहे. उन्हाळ्यात लांब सिग्नलवर त्याची ऊब पायांना जाणवते, आणि रस्ता मोकळा झाला की ती जाते.

आता ज्यासाठी ही गाडी घ्यायची, त्याबद्दल. यातील ६४८ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन २०१८ मध्ये इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या गाड्यांबरोबर आले. सुपर मीटिओर भारतात जानेवारी २०२३ मध्ये विक्रीस आली. इंजिनाची ताकद ४७ पीएस (अश्वशक्तीचे माप), म्हणजे ड्यूकच्या ४३.५ पीएसपेक्षा फार जास्त नाही, आणि वजनाचा फरक धरला तर नुसत्या पिकअपमध्ये ड्यूकच सरस ठरते. ज्यांना ती झेप हवी आहे, त्यांचा क्रूझरवर हिरमोड होईल. फरक आहे तो टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढीत. ड्यूकचा ३७ न्यूटन मीटर, हिचा ५२.३, शिवाय त्यातील ऐंशी टक्के टॉर्क २५०० आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, असे कंपनी सांगते आणि चालवताना ते पटते. ड्यूकवर ट्रक ओलांडायचा तर दोन गिअर खाली यावे लागे, इंजिन ओरडू लागे आणि मग गाडी सुटे. इथे वरच्या गिअरमध्येच मूठ थोडी पिळली की काम होते. पुण्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा गोव्याचा रस्ता मी दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर केलेला आहे. ड्यूकवर कोल्हापूर येईपर्यंत मनगटे आणि खांदे भरून येत. सुपर मीटिओरवर तेवढेच अंतर कापून पुढे आंबोलीचा घाट उतरण्याची उमेद शिल्लक असते. महामार्गावर बाजूने बस सुसाट गेली की तिच्या वाऱ्याने हलकी गाडी ढकलली जाते. इथे तो धक्का हाताला कळतो, पण गाडी आपली रेघ सोडत नाही.

घाटातल्या वळणांबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण चपळ गाडीवर लागलेल्या सवयी इथेच बदलाव्या लागतात. ड्यूक नुसती नजर फिरवली तरी वळते, असे वाटावे इतकी तत्पर आहे. क्रूझरला वळणात घालण्यासाठी आतल्या बाजूची मूठ जाणीवपूर्वक पुढे दाबावी लागते. लांब व्हीलबेस आणि अधिक तिरका पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) यांमुळे ती आधी किंचित विरोध करते आणि एकदा झुकली की रुळावर बसल्यासारखी वळण पूर्ण करते. झुकण्याची मर्यादा मात्र लवकर येते. जमिनीपासूनची उंची १३५ मिलिमीटर आणि फूटरेस्ट पुढे व खाली, त्यामुळे ताम्हिणीतल्या अडचणीच्या वळणांत आधी फूटरेस्ट रस्त्याला घासतो. त्याचा खरखरीत आवाज ऐकून दचकून ब्रेक मारणे सर्वांत धोक्याचे. मूठ स्थिर ठेवून वळण संपवायचे आणि पुढच्या वळणात वेग आधीच उतरवून शिरायचे, हेच योग्य. ब्रेकचेही तसेच. ड्यूकवर पुढच्या ब्रेकवर दोन बोटे पुरत आणि मागचा ब्रेक जवळजवळ विसरायला होई. इथे पुढे ३२० आणि मागे ३०० मिलिमीटरची डिस्क आहे, मागच्या चाकावर वजनही बरेच असते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र वापरले तरच गाडी हवी तिथे थांबते. ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी ड्युएल चॅनल एबीएस यंत्रणा दोन्ही चाकांना आहे, तरी पुढच्या वाहनापासूनचे अंतर मी पूर्वीपेक्षा वाढवले आहे.

खड्ड्यांच्या बाबतीत मोठी क्रूझर घेणाऱ्याने आशा मर्यादित ठेवावी. मागच्या सस्पेन्शनची हालचाल १०१ मिलिमीटर आहे. अशा बांधणीत पाय पुढे असल्याने खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर उभे राहून तो गुडघ्यांवर झेलता येत नाही; धक्का थेट माकडहाडापर्यंत पोहोचतो. ड्यूकवर मी अर्धवट उठून खड्डे पार करत असे, ती सोय इथे उरत नाही. गुळगुळीत डांबरावर हीच गाडी अतिशय सुखाची वाटते आणि तालुक्याच्या उखडलेल्या रस्त्यावर वेग निम्म्यावर आणावा लागतो. गावागावांतले बेढब गतिरोधक तिरके ओलांडावेत, विशेषतः मागे माणूस बसलेला असताना. कंबरेचे किंवा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी शोरूमच्या सभोवतालच्या एका फेरीवर निर्णय घेऊ नये.

मागे बसणाऱ्याचा विचार केला, तर मात्र ड्यूकशी तुलनाच नको. ड्यूकची मागची सीट अरुंद आणि उंच होती. पत्नी तासाभरातच थांबायला सांगत असे. माझी गाडी सेलेस्टियल प्रकारची आहे. तिला मोठी टुरिंग सीट, पाठीला टेकू आणि पुढे काच मिळते. आता लांबच्या प्रवासाचा बेत पत्नीच आधी काढते, आणि माझ्यासाठी या गाडीची सर्वांत मोठी कमाई हीच आहे. काचेमुळे छातीवरचा वारा अडतो, तथापि तुमच्या उंचीनुसार तो हेल्मेटवर आदळू शकतो, म्हणून काचेसह आणि काचेविना अशा दोन्ही फेऱ्या मारून पाहाव्यात. महामार्गावर लिटरला साधारण २५ किलोमीटर मिळतात, टाकी १५.७ लिटरची असल्याने पेट्रोलची चिंता वाटत नाही.

किमतीबद्दल एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे ज्यांना क्रूझरची बैठक आवडते पण बहुतेक चालवणे शहरात आणि एकट्यानेच आहे, त्यांनी याच घराण्यातील मीटिओर ३५० अवश्य चालवून पाहावी; ३४९ सीसीची ती गाडी कमी कराच्या गटात बसते आणि वजनाने सुमारे पन्नास किलो हलकी आहे. तिची ताकद मात्र २० पीएसच्या आसपास. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या बॅगा आणि साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर समोर कण्हत चाललेला कंटेनर, असा प्रसंग तुमच्या वाट्याला महिन्यातून एकदा जरी येणार असेल, तर त्या वीस पीएसवर ओव्हरटेकसाठी वाट पाहत बसावे लागेल, आणि तेव्हा ६५० च्या वजनाबद्दल तुमची तक्रार राहणार नाही.