ब्रोली की सुपर हीरो? ड्रॅगन बॉलच्या पिक्चरांच्या अॅनिमेशनचा रिव्ह्यू, नागपूरहून

सरळ सांगतो, ड्रॅगन बॉल या जपानी कार्टूनच्या चार नव्या पिक्चरांचं अॅनिमेशनपुरतं बोलायचं तर 'ब्रोली' एक नंबर, 'सुपर हीरो' दोन नंबर, 'बॅटल ऑफ गॉड्स' तीन अन् 'रिझरेक्शन एफ' शेवटचा. पहिल्या नंबराबद्दल आमच्यात कोणी भांडत नाही, सगळा कल्ला दुसऱ्यावरून होते. अर्ध्या पोट्ट्यांचं म्हणणं असं की सुपर हीरो कंप्युटरवर बनवला म्हणजे तो पिक्चर नाहीच, व्हिडिओ गेम आहे, अन् हाताने काढलेलं ते शेवटी हाताने काढलेलंच. धरमपेठेत तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून हा वाद इतक्या वेळा झालाय की ठेलेवाल्या काकांनाही आता गोगेटा (म्हणजे हीरो गोकू अन् त्याचा जोडीदार-स्पर्धक व्हेजिटा मिळून बनलेला एक लढवय्या) कोण ते माहीत आहे. म्हणून मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री अन् घरात कूलर फुल्लवर, चारही पिक्चर मित्राकडे लायनीने लावले. पुढे स्पॉयलर आहेत, पण बाप्पा, शेवटचा पिक्चर २०२२ चा आहे, अजून पाहिला नसेल तर माझ्यावर चिडू नका.

जुन्या पिक्चरांना या शर्यतीत धरलं नाही. १९८९ ते १९९५ मध्ये 'ड्रॅगन बॉल झेड' या जुन्या सिरीयलचे तेरा पिक्चर निघाले, म्हणजे वर्षाला जवळपास दोन, बहुतेक तासाभराच्या आतबाहेरचे, अन् तिकडे टीव्हीची सिरीयल चालू असतानाच तोएई स्टुडिओवाले हेही काढून राहिले होते. त्या घाईत जे जमलं ते जमलं. तरी १९९३ चा जुना ब्रोली आजही लावून बघा, शिगेयासू यामाउची डायरेक्टर, हालचाल कमी आहे पण फ्रेम कशी लावायची हे त्या माणसाला कळत होतं, ब्रोलीला असा उभा करतो की तो पडद्यात मावतच नाही. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून कार्टून नेटवर्कवर हिंदीत झेड बघणाऱ्या आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं, पण ती माया झाली, रिव्ह्यू नाही.

आता हाताने काढलं म्हणजे चांगलं या मुद्द्याकडे येऊ, कारण तिथेच सगळी गडबड आहे. 'बॅटल ऑफ गॉड्स' २०१३ चा. त्यात विनाशाचा देव बीरस, 'किंग काय' नावाच्या गुरूच्या ग्रहावर गोकूला दोन टपल्यात झोपवतो तो सीन साफसुथरा आहे, उगाच पसारा नाही. दोन वर्षांनी टीव्हीवर ड्रॅगन बॉल सुपर सुरू झालं अन् हीच स्टोरी परत सांगितली, तर पाचव्या एपिसोडमध्ये तीच मारामारी अशी काही दिसते की तोंड एकीकडे अन् डोळे दुसरीकडे, त्याचे मीम आजही फिरतात. दोन्ही हातानेच काढलेलं, कंपनी तीच, पात्रं तीच, मारामारीसुद्धा तीच! मग फरक कशाचा? एकाला पिक्चरचा वेळ मिळाला अन् दुसऱ्याला दर रविवारी एपिसोड द्यायचा होता, बाकी काही नाही.

अन् वेळ मिळूनही पिक्चर फसू शकतो त्याचं उदाहरण म्हणजे २०१५ चा 'रिझरेक्शन एफ'. ताडायोशी यामामुरो डायरेक्टर, पात्रांची डिझाइनही त्यांचीच, अन् झेडच्या जमान्यापासूनचा हा मोठा माणूस आहे हे मान्यच. पण त्या वेळची त्यांची डिझाइन बघा, प्रत्येक दंडावर चमक, नाकावर चमक, केसांवर चमक, रेषा टोकदार, स्नायूंवर सावल्यांचे दोन-दोन थर. पोस्टरवर लय भारी दिसते. हलायला लागलं की मात्र सगळे लाकडाचे. वरून तर्रीचा लाल तवंग अन् खाली पोहे कोरडे ठाक, असा प्रकार आहे. जुना व्हिलन फ्रीझा हजार सैनिक घेऊन पृथ्वीवर उतरतो, आता एवढी मोठी संधी, पण लढाईत मागचे सैनिक आपली पाळी येईपर्यंत शिस्तीत उभे, जसं काही राशनच्या लायनीत आहेत. मार खाल्लेल्याचं डोकं हलते पण अंग हलत नाही, धक्का बसला असं वाटतच नाही.

'ब्रोली'मध्ये नेमकं हेच बदललं. डिसेंबर २०१८, डायरेक्टर तात्सुया नागामिने, अन् पात्रांच्या डिझाइनसाठी नाओहिरो शिंतानीला आणलं. त्याने पहिलं काम काय केलं तर चमक काढून टाकली, रेषा कमी केल्या, स्नायू मऊ केले, चेहरे ड्रॅगन बॉलचे मूळ लेखक तोरियामा यांच्या जुन्या मांगासारखे (जपानी कॉमिकसारखे) गोलसर केले. पोस्टर आलं तेव्हा आमच्याच ग्रुपमध्ये 'हे काय बे, गोकू बारीक झाला' म्हणून ओरडा झाला होता. पण चित्र जितकं साधं तितकं ते काढणाऱ्याला हलवायला सोपं, एवढी साधी गोष्ट आहे. व्हेजिटा अन् ब्रोलीची बर्फावरची पहिली फाईट बघा. सुरुवातीला ब्रोलीला लढता येत नाही, तो नुसता अंगावर धावून येतो, हात लांब फेकतो, तोल जाते. मग हळूहळू व्हेजिटाचेच डाव उचलतो अन् त्याची उभं राहायची पद्धतच बदलते. हे कोणी डायलॉगमध्ये समजावून सांगायची गरज नाही, नुसत्या अंगाच्या हालचालीत दिसते. याला म्हणतात अॅनिमेशन. पुढे गोकूला धरून आपटतो तिथे तर मी पाणी प्यायला उठलो होतो तो तसाच उभा राहिलो, ग्लास हातात.

आता ज्यांना कंप्युटर नको त्यांना एक विचारतो. गोगेटा येते, मारामारी इतकी वाढते की जगच फुटते अन् दोघं त्या रंगीबेरंगी पोकळीत जातात, तो तुकडा आठवतो नं? त्यात लढणारे पुतळे कंप्युटरचे आहेत भाऊ. तेव्हा तर तुम्ही उशी हवेत फेकली होती! तिथे चाललं, कारण कॅमेरा वेड्यासारखा फिरतो, रंग भडक आहेत अन् नजर चेहऱ्यावर थांबतच नाही. म्हणजे तक्रार तंत्राची नाहीच.

'सुपर हीरो'मध्ये ही लपायची सोय नव्हती. डायरेक्टर तेत्सुरो कोदामा, अन् जवळपास पूर्ण पिक्चर कंप्युटरच्या थ्रीडी मॉडेलवर. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये थेटरात लागला. खराब काय ते आधी सांगतो: केस. गोकूचा पोरगा गोहान, त्याचे केस प्लास्टिकच्या टोपीसारखे एकत्रच हलतात. रेड रिबन या व्हिलन टोळीच्या ऑफिसात माणसं नुसती बसून बोलतात तिथे खांदे मेलेले असतात, त्यांचा शास्त्रज्ञ डॉ. हेडो बिस्किटं खाताना बरा वाटते पण बाकीचे शोरूममधल्या पुतळ्यासारखे. शेवटी सेल मॅक्स या राक्षसाच्या वेळी उजेड, धूर, स्फोट इतके की कोण कोणाला मारून राहिलं ते शोधावं लागते.

पण पावसातली गोहान अन् हेडोने बनवलेल्या गामा वनची फाईट परत बघा, यावेळी ग्रुपवर मेसेज टाकत टाकत नको. कॅमेरा दोघांच्या भोवती फिरतो, मधे कट मारत नाही, एक जण खाली आपटतो, पाणी उडते, दुसरा त्याच उडालेल्या पाण्यातून येते, अन् कोण कुठे आहे हे एकदाही सुटत नाही. हाताने हे काढायचं म्हटलं तर फिरत्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रात दोन्ही अंगं नव्या कोनातून काढायची, होत नाही असं नाही पण माणसं मरतात. अन् मुद्दाम बघा, लाथ बसायच्या आधी पोझ क्षणभर अडवून धरली आहे, म्हणून ती लागते. रिझरेक्शन एफमध्ये हेच नव्हतं. शिवाय गोहानचा गुरू पिकोलो! मोबाईल कानाला लावून वैतागलेला पिकोलो, गोहानच्या पोरीला, पॅनला शाळेतून आणायला जाणारा पिकोलो, त्याच्या चेहऱ्यावरचा तो 'माझ्याच नशिबी काऊन' हा भाव थ्रीडी मॉडेलवर आणला आहे, तो कोणी मोजतच नाही कारण त्यात किरणं सुटत नाहीत.

ज्यांना अजूनही पटत नसेल त्यांनी त्याच तोएईचा, त्याच वर्षीचा 'द फर्स्ट स्लॅम डंक' बघावा. ताकेहिको इनोउएने स्वतः डायरेक्ट केला, बास्केटबॉलची मॅच थ्रीडीत, अन् त्याला जपान अकॅडमीचं अॅनिमेशनचं बक्षीस मिळालं. त्याला प्लेस्टेशन म्हणायची हिंमत आमच्यातल्या कोणाचीच झाली नाही. त्याच्यासमोर सुपर हीरो कच्चा वाटते हे मी मान्य करतो, पण कच्चा असणं वेगळं अन् चुकीच्या रस्त्यावर असणं वेगळं.

एक गोष्ट मात्र वाद घालायच्या आधी तपासा, तुमचा टीव्ही. मित्राकडे नवीन मोठा टीव्ही आहे, त्यावर पहिल्या दिवशी हाताने काढलेला ब्रोलीसुद्धा सासू-सुनेच्या सिरीयलसारखा गुळगुळीत दिसून राहिला होता, बुक्कीच्या कडेला जेलीसारखी थरथर. कारण असं की पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा, त्यातही अॅनिमेत एकच चित्र दोन-तीन फ्रेम तसंच ठेवतात, तो थांबा मुद्दाम असतो. टीव्ही शहाणपणा करून मधे स्वतःच्या फ्रेम घुसवते अन् थांबा मारून टाकते. पिक्चरच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूथिंग की काय ते असते, वेगवेगळ्या टीव्हीत वेगवेगळं नाव, ते पूर्ण बंद करा. आपल्याकडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये तर सुपर हीरो इतका अंधुक दाखवला की पावसाचा सीन म्हणजे काळं फडकं, तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच. तिथून बाहेर पडलेल्या पोट्ट्यांनीच 'ग्राफिक्स बेकार' म्हणून पहिली बोंब मारली होती, हेही लक्षात असू द्या.

रेटिंग विचारत असाल तर ब्रोलीला पाचपैकी पाच, सुपर हीरोला साडेतीन, बॅटल ऑफ गॉड्सला तीन, रिझरेक्शन एफला दीड, तोही फ्रीझाच्या नखऱ्यांसाठी. अन् सुपर हीरोची नावं संपेपर्यंत उठू नका. त्यानंतर गोकू अन् व्हेजिटा किरणं-बिरणं सोडून नुसत्या हाताने दमेपर्यंत मारामारी करतात, अन् जिंकते व्हेजिटा. व्हिडिओ गेम, व्हिडिओ गेम म्हणून चार तास डोकं खाणारा आमचा व्हेजिटाभक्त तेवढ्यापुरता एकदम गप होता, मग म्हणाला, रिमोट दे, मागे घे.