गोल्डफिशसाठी टाकी: तीन फुटी घ्यावी की चार फुटी?

गोल्डफिशला गोल बरणीत ठेवू नये, हे आता बहुतेकांना पटलंय. गाडी अडते ती त्याच्या पुढे. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला दुकानात उभं राहिल्यावर तीन फुटी टाकी घ्यावी की चार फुटी, ते काही ठरत नाही. मुंबईच्या घरात पैशांइतकाच जागेचा, वजनाचा आणि पाण्याचाही विचार करावा लागतो.

आधी रुंदी बघा. चार फुटी म्हणून दाखवलेली टाकी एकच फूट रुंद असेल (लांबी × रुंदी × उंची फुटांत ४ × १ × १.५), तर तिच्यात काठोकाठ १७० लिटर पाणी मावतं. तीन फुटी पण दीड फूट रुंद टाकीत (३ × १.५ × १.५) १९० लिटर मावतं. शिवाय पाण्याचा उघडा पृष्ठभागही तिचाच जास्त, आणि प्राणवायू पाण्यात मिसळतो तो तिथूनच. चिंचोळ्या टाकीत ओरांडा जातीच्या मोठ्या गोल्डफिशला नीट वळताही येत नाही. म्हणून खरी तुलना दीड फूट रुंदीच्या दोन टाक्यांची: एक १९० लिटरची, दुसरी २५५ लिटरची.

वजनात तीन फुटी सोयीची. काच, स्टँड आणि पाणी धरून ती साधारण अडीचशे किलो भरते, चार फुटी साडेतीनशेच्या घरात जाते. आरसीसी इमारतीत टाकी भिंतीलगत, शक्यतो खाली बीम असलेल्या जागी ठेवावी. स्लॅबच्या मधोमध कधीच नको. जुन्या चाळीत लाकडी तुळयांची जमीन असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय यातली कुठलीच टाकी घेऊ नका. स्टँड पाणसळ लावून सपाट करा, वर थर्माकोलची शीट अंथरा आणि मगच टाकी ठेवा.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी ठामपणे चार फुटीच्या बाजूचा आहे. गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. त्यातून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण साठलेलं नायट्रेट काढायला पाणी बदलावंच लागतं. आता बघा, दोन ओरांडा तीन फुटीत ठेवा नाहीतर चार फुटीत, घाण तेवढीच होणार. म्हणजे आठवड्याला बदलायचं पाणीही जवळपास तेवढंच, साठ-सत्तर लिटर, पंधरा लिटरच्या चार-पाच बादल्या. मोठ्या टाकीमुळे बादल्या वाढतात हा समज मासे तेवढेच असतील तर खोटा ठरतो. फायदा दिसतो तो मे-जूनमध्ये. पालिकेची पाणीकपात लागली, एखादा रविवार हुकला, तरी चार फुटीतलं पाणी लवकर बिघडत नाही. फिल्टर बंद पडला तरी सावरायला थोडी सवड मिळते. मात्र जागा दिसते म्हणून आणखी चार मासे सोडले, की ही सवड गेलीच. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते मानवतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा अँटीक्लोरीन टाकल्याशिवाय ते टाकीत ओतू नका.

उन्हाळ्यात दोन्ही टाक्यांची अडचण सारखीच. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा, आणि आपल्याकडे टाकीचं पाणी तिशीला टेकतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप चोवीस तास चालू हवा. झाकण उघडून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला की पाणी एक-दोन अंशांनी उतरतं. उडी मारून मासा बाहेर पडू नये म्हणून वर जाळी टाकावी. हीटर कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

फिल्टरवर मात्र हात आखडू नका. तासाला टाकीतलं पाणी पाच-सहा वेळा फिरलं पाहिजे. तीन फुटीला चांगला टॉप फिल्टर आणि जोडीला एक स्पंज फिल्टर पुरतो, चार फुटीला कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्यावा. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात.

बाल्कनीत मोठा टब हा तिसरा पर्याय स्वस्त आहे, पण कावळे, मांजरं आणि दुपारचं ऊन पाहता मी तो सुचवणार नाही.

माझं मत विचाराल तर भिंत, जमीन आणि खिसा साथ देत असतील तर चार फुटी घ्या आणि तीन ओरांडा किंवा तसेच गोलमटोल र्‍युकिन ठेवा. नसतील तर दीड फूट रुंदीची तीन फुटी घ्या आणि दोनवर थांबा. कॉमेट आणि शुबनकिन या जातींचे गोल्डफिश फूटभर वाढतात, त्यांना यातली कुठलीच टाकी पुरत नाही. टाकी घरी आली की लगेच मासे आणू नका. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाका म्हणजे जिवाणू धरतील. याला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की पाणी निम्मं बदला आणि मासे आणायला कुर्ल्याला जा.