हाताने लिहिलेले संकेतस्थळ : काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रोग्रामिंगचा गंधही नसताना केवळ साधा मजकूर-संपादक (टेक्स्ट एडिटर), एचटीएमएल (पानाचा मजकूर व रचना लिहिण्याची भाषा) आणि सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी भाषा) यांच्या बळावर स्वतःचे संकेतस्थळ उभे करायचे आणि ते गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर विनामूल्य ठेवायचे, हा मार्ग मी गेले काही महिने वापरत आहे. संकेतस्थळ लहानच आहे : परिचयाचे पान, काही लेख, छायाचित्रांचे एक पान आणि संपर्काचे पान. मजकूर जवळजवळ सगळा मराठीत आहे. या मार्गाने समाधान मिळाले का, असे विचारल्यास उत्तर होकारार्थी आहे. मात्र कष्ट जिथे पडतील असे वाटले होते तिथे ते फारसे पडले नाहीत आणि जिथे कोणी सावध केले नव्हते तिथे बराच वेळ गेला.

नवख्या माणसासमोर साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली, तयार चौकटी उचलून पानावर ठेवण्याची सोय देणाऱ्या सेवा. दुसरी, 2003 पासून चालत आलेले वर्डप्रेस हे संकेतस्थळे चालवणारे सॉफ्टवेअर. आणि तिसरी, स्वतः फाइली लिहिणे. पहिल्या वाटेने पान खरोखरच एका बैठकीत उभे राहते. अशीच एक सेवा मी सुरुवातीला वापरून पाहिली आणि तिचा देखणेपणा आवडलाही. परंतु तयार झालेली पाने तिथून उचलून अन्यत्र नेण्याची काहीच सोय तिच्यात नव्हती, मजकूर एकेका पानावरून नकलून घ्यावा लागला आणि मांडणी तर तिथेच सोडावी लागली. वर्डप्रेसबद्दल अशी तक्रार करता येत नाही, कारण ते मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्यातील मजकूर बाहेर काढता येतो. पण त्याच्या पोटात पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि माहितीसाठा, म्हणजे डेटाबेस, असतो. मूळ सॉफ्टवेअर, थीम आणि प्लगइन (जादा सोयी देणारे जोडभाग) वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावे लागतात आणि तसे न केल्यास सुरक्षेत फटी पडतात. महिन्यातून एखादा लेख लिहिणाऱ्याने हा व्याप का वाढवावा, हे मला अजून पटलेले नाही.

तिसऱ्या वाटेचे बळ एका साध्या गोष्टीत आहे : संकेतस्थळ म्हणजे फाइलींनी भरलेले एक फोल्डर. ते आपल्या संगणकावर असते, ब्राउझरमध्ये उघडून पाहता येते आणि त्याची प्रत इंटरनेटवर पाने पुरवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवली की तेच संकेतस्थळ जगाला दिसू लागते. हे एकदा नीट उमगले की बाकीच्या बहुतेक संज्ञांची भीती ओसरते.

एचटीएमएल शिकणे अपेक्षेपेक्षा पुष्कळ सोपे गेले. शीर्षक, परिच्छेद, दुवा, यादी, चित्र आणि पानाचे ठळक विभाग यांचे टॅग, म्हणजे कोनी कंसांतल्या खुणा, कळले की लेख लिहिण्यापुरते काम भागते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1991 साली सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत तयार केलेली पाने आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात, यावरून ही भाषा किती टिकाऊ आहे ते लक्षात यावे. ती क्षमाशीलही आहे. एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर काम थांबवत नाही, स्वतःच्या अंदाजाने पान दाखवतो. नवशिक्याला हा गुण सुरुवातीला फार सुखावतो आणि नंतर छळतो, कारण चूक दिसतच नाही आणि तीन परिच्छेद पुढे मांडणी अकारण विस्कटल्यासारखी वाटते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची तपासणी-सेवा अशा चुका ओळ क्रमांकासह दाखवते. ती रोज वापरण्याची गरज नाही, पण पान पहिल्यांदा प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा जरूर वापरावी. संदर्भासाठी एमडीएन या मोझिलाच्या संकेतस्थळाइतका भरवशाचा दुसरा स्रोत मला आढळला नाही. त्याची भाषा थोडी कोरडी आहे, परंतु माहिती जुनी होत नाही.

पानाच्या माथ्यावरील चार गोष्टींकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात आणि नेमक्या त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत. पान आजच्या एचटीएमएलमध्ये लिहिले आहे असे सांगणारी डॉकटाइपची पहिली ओळ नसेल तर ब्राउझर जुन्या काळच्या विचित्र नियमांनी पान मांडतो. वर्णसंच, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-8 आहे असे सांगितले नाही तर देवनागरी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसू शकते. पानाची रुंदी पडद्याइतकी धरायला सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळ वगळल्यास फोन ते पान सुमारे 980 पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून आकसून दाखवतो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात. चौथी गोष्ट म्हणजे पानाची भाषा मराठी आहे हे सांगणारा ‘लँग’ गुणधर्म. तो केवळ औपचारिकता म्हणून लिहायचा असतो असा समज असतो, पण वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरे त्यावरून उच्चार ठरवतात आणि ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे ज्या फॉन्टांमध्ये वेगळी दिलेली असतात, तिथे तीच रूपे आपोआप उमटतात. मराठी वाचकाच्या डोळ्याला हा फरक लगेच जाणवतो.

खरा घाम काढते ते सीएसएस. होकोन व्हिउम ली यांनी 1994 मध्ये त्याची कल्पना मांडली आणि 1996 च्या अखेरीस त्याची पहिली आवृत्ती प्रमाण झाली. तेव्हापासून त्यात इतकी भर पडली आहे की सगळे शिकण्याचा सोस धरणारा माणूस पहिल्याच आठवड्यात नाउमेद होतो. प्रत्येक घटक ही एक चौकट असते आणि तिला आतली मोकळी जागा, कड आणि बाहेरची मोकळी जागा असते, हे आधी समजून घ्यावे. दोन परिच्छेदांच्या उभ्या बाह्य जागा एकमेकींत मिसळतात आणि त्यांची बेरीज न होता मोठी जागा तेवढी उरते, हा नियम माहीत नसेल तर आकडे बदलत बसण्यात एक अख्खी संध्याकाळ सहज जाते. त्यानंतर आडव्या रांगेसाठी फ्लेक्सबॉक्स शिकावा. ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी, पुढे कधीतरी. ब्राउझरमधील विकासकांची साधने, म्हणजे एफ12 दाबल्यावर उघडणारी खिडकी, ही माझ्या मते सर्वांत मोठी शिक्षिका आहे, कारण तिथे कोणता नियम कोणाला डावलून लागू झाला आहे हे दिसते आणि मूळ फाइलीला हात न लावता बदल करून पाहता येतो.

देवनागरीसाठी मात्र इंग्रजी धड्यांतले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. लॅटिन लिपीला पुरणारे ओळींमधील अंतर आपल्या वेलांट्या, रफार आणि उकारांना पुरत नाही. अक्षराच्या आकाराच्या 1.6 ते 1.8 पट अंतर ठेवल्यावर माझी पाने वाचनीय झाली. शीर्षकांना ऐट यावी म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडण्याची जी युक्ती अनेक तयार नमुन्यांत असते, तिने शिरोरेषा तुटते, म्हणून ती सरळ काढून टाकावी. तिरपा ठसाही टाळावा, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरी तिरपी रूपे नसतात आणि ब्राउझर सरळ अक्षरेच ओढून वाकडी करतो. फॉन्ट निवडताना ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, नोटो सॅन्स देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही मी वापरून पाहिले. लांब लेखांसाठी टिरो अधिक आवडला, कारण तो पुस्तकी वळणाचा आहे आणि त्यात मराठी वळणाची अक्षररूपे आहेत. जोडाक्षरांच्या शेकडो आकृत्यांमुळे या फाइली लॅटिन फॉन्टांपेक्षा जड असतात, त्यामुळे दोनाहून अधिक वजने, म्हणजे जाडीचे प्रकार, पानात घेऊ नयेत आणि फाइली डब्ल्यूओएफएफ2 या वेबसाठी आकसलेल्या स्वरूपातच ठेवाव्यात.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणी सावध करत नाही तिच्याकडे वळतो. पाने आपल्या संगणकावर उत्तम दिसतात आणि प्रसिद्ध केल्यावर चित्रे गायब होतात किंवा मांडणी पूर्ण विस्कटते; या प्रसंगातून प्रत्येक नवखा जातो आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी फाइलीच्या पत्त्यात असते. विंडोजवर फाइलीच्या नावातील मोठ्या आणि लहान इंग्रजी अक्षरांत सहसा भेद केला जात नाही, परंतु बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे तो काटेकोरपणे केला जातो. दुसरे कारण अधिक लबाड आहे. गिटहब पेजेसवर वापरकर्त्याच्या नावाचे मुख्य संकेतस्थळ थेट मुळाशी उघडते, पण एखाद्या प्रकल्पाचे संकेतस्थळ त्याच्या पोटात, प्रकल्पाच्या नावाच्या फोल्डराखाली उघडते. त्यामुळे तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता दुसऱ्या ठिकाणी चुकीच्या जागी शोध घेतो. उपाय म्हणजे फाइलींची नावे नेहमी लहान अक्षरांत आणि मोकळ्या जागेविना ठेवावीत, शब्द जोडायला आडवी रेघ वापरावी आणि पत्ते सापेक्ष, म्हणजे चालू पानाच्या जागेपासून मोजलेले, लिहावेत. मुख्य पानाचे नाव इंडेक्स.एचटीएमएल असेच हवे.

गिटहब पेजेसची सेवा 2008 पासून चालू आहे. विनामूल्य खात्यात संकेतस्थळासाठी 1 जीबी जागा आणि महिन्याला 100 जीबी डेटा-वाहतूक अशी मर्यादा सांगितलेली आहे. देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेते, हे धरूनसुद्धा एक लांब लेख 30 ते 40 केबीत बसतो, म्हणजे केवळ मजकुराने ही जागा भरणे जन्मभर शक्य होणार नाही. ती भरतात छायाचित्रे. फोनने काढलेले कित्येक एमबींचे चित्र जसेच्या तसे न चढवता त्याची रुंदी 1,600 पिक्सेलपर्यंत आणावी, आणि त्यासोबत फाइलीत दडलेली स्थानाची माहितीही पुसावी, नाहीतर घराचा पत्ता चित्राबरोबर जगाला दिला जातो.

या सेवेसाठी गिट, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन, शिकावेच लागते, हा समज अर्धाच खरा आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) कामासाठी बनवलेले हे साधन आहे आणि त्याचा स्वभावही तसाच आहे. एकट्या माणसाच्या चार पानांसाठी त्यातील बहुतेक आज्ञा कधीच लागत नाहीत. सुरुवातीला ब्राउझरमधूनच फाइली चढवता येतात, प्रत्येक फाइल 25 एमबीपेक्षा लहान असली की झाले. बदल नोंदवणे आणि वर पाठवणे एवढे तरी मी पुढे शिकून घेतले आणि त्याचा फायदा असा, की महिन्यापूर्वीची मांडणी परत हवी असेल तर ती मिळते. याच गुणाची दुसरी बाजू ध्यानात ठेवणे आवश्यक आहे : विनामूल्य खात्यात हे फोल्डर सर्वांसाठी खुले ठेवावे लागते आणि आज पुसलेली फाइल कालच्या नोंदीत कोणालाही वाचता येते. खासगी टिपणे, अर्धवट मसुदे किंवा परवलीचे शब्द त्यात ठेवूच नयेत. बदल वर पाठवल्यानंतर तो दिसायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढ्यात फाइल पुन्हा पुन्हा न चढवता ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत (कॅश) टाळून पान ताजे करून पाहावे.

स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी स्वतःचे नाव, घ्यावे की नाही, याबद्दल माझे मत ठाम आहे : पहिला लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच घ्यावे. पुढे जागा बदलली तरी पत्ता बदलत नाही आणि इतरांनी दिलेले दुवे तुटत नाहीत. डोमेन विकत मिळत नसते, ते ठरावीक मुदतीपुरते आपल्या नावे नोंदवलेले असते. म्हणून पहिल्या वर्षाची सवलत न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेवावे. नोंदणीसाठी दिलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा; मुदत संपली तर इशाऱ्याचे पत्रही त्याबरोबरच हरवते. डोमेनचे नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या डीएनएसच्या नोंदी पाहून प्रथम गांगरायला होते, पण मूळ डोमेनसाठी सर्व्हरचा क्रमांक सांगणाऱ्या ए प्रकारच्या नोंदी आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी सीनेमची एक नोंद, एवढेच काम असते. त्या जगभर पोहोचायला काही तास, प्रसंगी एक दिवस लागतो आणि तोवर अधीर होऊन त्या बदलत राहिल्यास गोंधळ वाढतो. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेकडून आपोआप मिळते आणि आपोआप नवे होते. आपल्याला फक्त एचटीटीपीएस सक्तीचे करण्याच्या चौकटीवर खूण करायची असते.

उणिवाही आहेत. सर्व्हरवर चालणारा कोणताही प्रोग्राम इथे ठेवता येत नाही, त्यामुळे संपर्काचा अर्ज हवा असेल तर बाहेरची सेवा जोडावी लागते. मी अर्जाचा नाद सोडून साधा ई-मेल पत्ता दिला आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावरची सूची हाताने लिहिलेली असल्याने तिच्यात एक शब्द बदलायचा तर सगळी पाने उघडावी लागतात, आणि लेख वाढू लागल्यावर याचा खरोखर कंटाळा येतो. जेकिल, ह्यूगो किंवा इलेव्हंटी यांसारखी पाने रचणारी साधने नेमके हेच काम वाचवतात, आणि जेकिल तर गिटहब पेजेसमध्ये अंगभूतच आहे. तरीही पहिली दहा-पंधरा पाने हाताने लिहिल्याशिवाय त्यांच्याकडे वळू नये असे मी सुचवेन, कारण साधन बिघडले की ते कोणती फाइल बनवायला निघाले होते हे ओळखता आले पाहिजे. वस्तू विकण्यासाठी किंवा सदस्यांची नोंदणी ठेवण्यासाठी हा मार्ग नाही; ऑनलाइन व्यवसाय चालवण्यासाठी सेवा वापरू नये, असे गिटहबच्या नियमांतच म्हटले आहे.

मध्यंतरी एक चाचणी मुद्दाम केली. तेच फोल्डर, एकही ओळ न बदलता, निओसिटीज या संकेतस्थळे ठेवण्याच्या दुसऱ्या सेवेवर चढवले आणि सगळी पाने, चित्रे व दुवे तसेच्या तसे चालले. आता संकेतस्थळात आरएसएसची फाइल (नवे लेख वाचकाला कळवणारी) आणि साइटमॅप (शोधयंत्रांसाठी पानांची यादी) यांची भर घालायची आहे. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली असल्याने त्यासाठी नवे काही घ्यावे लागणार नाही.