बागेतलं हवामान केंद्र, सहा महिन्यांनंतर: आधी ती पट्टी पुसा

गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) आधी, सप्टेंबरात, निफाड तालुक्यातल्या आमच्या साडेतीन एकर थॉमसन द्राक्षाच्या बागेत हवामान केंद्र बसवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुणाच्याही केंद्रात होऊ शकतं. पाऊस, वारा, आर्द्रता, जमिनीतली ओल हे सगळं ठीक चालतं. मला बोलायचंय ते पानाचा ओलावा मोजणाऱ्या त्या छोट्या पट्टीबद्दल.

डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाचं सगळं गणित पान किती तास ओलं राहिलं यावर आहे. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत पानाच्या मागच्या छिद्रांतून आत शिरतात. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला असं पाणी लागत नाही. म्हणजे पट्टी चुकली की डावणीचा इशारा चुकलाच.

नोव्हेंबरात, ऐन फुलोऱ्यात, केंद्राचं ॲप रोज दाखवायला लागलं: पान १९ तास ओलं, धोका जास्त. मी घाबरून आंतरप्रवाही, म्हणजे पानात भिनणाऱ्या औषधाची फवारणी घेतली. औषध, डिझेल, मजुरी धरून साडेसात हजार गेले. तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास वडील बागेतून आले आणि म्हणाले, "अरे, पानाला हात तरी लावून बघ. दव कधीच उडालंय." जाऊन पाहिलं तर पानं कोरडी ठणठणीत, आणि ॲपवर अजून ओलं!

कंपनीला फोन केला. "सेन्सर गेलाय, वॉरंटीत बसत नाही, नवा घ्यावा लागेल." तीन फोन, तिन्ही वेळा हेच उत्तर. बघायला कुणी आलं नाही. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर 'पैसे पाण्यात घालू नका' एवढंच लिहिलं असतं.

शेजारच्या मळ्यातली मुलगी बीएस्सी ॲग्री करतेय. तिने पट्टीवरून बोट फिरवलं, तर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधकाचा पांढरा थर निघाला. फवारे बसून बसून साचलेला. हा थर हवेतली ओल धरून ठेवतो आणि पट्टीला वाटतं पान भिजलंय. मऊ फडकं, साधं पाणी, पाच मिनिटं. दुपारपर्यंत आकडा शून्यावर. हे बसवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. माझा राग त्यासाठी आहे, यंत्रासाठी नाही.

आणखी एक चूक होती. पट्टी खांबावर उघड्यावर लावली होती. मांडवाखाली दाट पानांत दव उशिरा वाळतं, म्हणून ती घडांच्या उंचीला आत घेतली. तेव्हापासून वडिलांचा हात आणि ॲप यांचं जमतं.

वहीत मोजलं तर यंदा डावणीच्या फवारण्या सहाने कमी झाल्या. पण छाटणीनंतरचा पाऊसही यंदा कमी होता, त्यामुळे सगळं श्रेय केंद्राला देणार नाही. कमी फवारणी म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अवशेषाचा घोरही कमी. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात आपला माल अडकला होता, ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना हे पटेल.

जानेवारीत एका पहाटे पारा ५ अंशांखाली गेल्याचा इशारा वेळेवर आला, शेकोट्या पेटवता आल्या, ड्रीप सुरू करता आलं. तेवढ्यासाठी तरी मी आभारी आहे.

विम्याच्या आशेने मात्र कुणी घेऊ नका. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या संदर्भ केंद्राच्या नोंदीवर ठरते, आपल्या बागेतल्या नोंदीवर नाही. हे मला विकणाऱ्याने उलटं सांगितलं होतं.

वार्षिक वर्गणी पुढच्या महिन्यात आहे, भरणार आहे. फडकं खांबालाच बांधून ठेवलंय, फवारणीचा ब्लोअर धुतला की पट्टीही पुसली जाते.