आईच्या वय वंदना कार्डाचे नऊ महिने: दवाखाना निवडायचा कुणी?

कार्ड काढणं हा सगळ्यात सोपा भाग. जानेवारीत एका संध्याकाळी धायरीच्या घरी बसून आयुष्मान ॲपवर आईचा आधार नंबर टाकला, ओटीपी आला, फोटो काढला (तीनदा, कारण पदर नीट नव्हता) आणि झालं. हे कार्ड केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. घरात असे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून, हे लक्षात ठेवा.

खरी परीक्षा जुलैत झाली. अँजिओग्राफीत आईच्या हृदयात ब्लॉकेज निघालं, अँजिओप्लास्टी सांगितली. घराजवळचं हॉस्पिटल योजनेच्या यादीत होतं, म्हणून निर्धास्त गेलो. काउंटरवर उत्तर मिळालं, "आमच्याकडे योजना आहे, पण हार्टसाठी नाही." हॉस्पिटल यादीत असतं म्हणजे त्यातला प्रत्येक विभाग असतोच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या हॉस्पिटलात हार्टसाठी योजना होती, तर योजनेतला बेड रिकामा नव्हता. "दोन दिवसांनी फोन करा." कॅश भरली असती तर बेड निघाला असता का, हे मी विचारलं नाही. आई शेजारीच उभी होती.

तिसऱ्या ठिकाणी, पार नदीपलीकडे, काम झालं. तिथल्या आरोग्यमित्राने (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) कागद स्वतः स्कॅन केले, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली आणि बिल शून्य. स्टेंट, जेवण, घरी सोडल्यावरची १५ दिवसांची औषधं, सगळं त्यातच. बीपी-शुगर जुनी असूनही कुणी हरकत घेतली नाही. याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. मात्र सोळाव्या दिवसापासून गोळ्या आपल्या खिशातून, आणि ओपीडी योजनेत नाहीच.

तुम्ही जाणार असाल तर योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर आधी विचारा, पण हॉस्पिटलचं नाव सांगून थांबू नका, आजारही सांगा. आणि निघण्यापूर्वी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राशी बोला. माझे दोन हेलपाटे एवढ्याने वाचले असते.

इंग्लंडमध्ये २००८ पासून फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी दिली की पेशंट देशातलं कुठलंही हॉस्पिटल निवडू शकतो, सरकारशी करार असलेलं खासगीसुद्धा. आपलं कार्डही देशभर चालतं. पण आमच्याकडे माणसं हॉस्पिटल कुठे निवडतात? डॉक्टर निवडतात. आईचे हाडांचे डॉक्टर तीन ठिकाणी बसतात. ज्या एका ठिकाणी कार्ड चालतं, तिथे ते फक्त तपासतात, ऑपरेशन करत नाहीत.

आता गुडघ्याचं ठरवायचंय. मी तिला यादीतली चार नावं वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अरे, पण यात आपले डॉक्टर कुठायत?" सध्या ती काठी घेऊन चालते.