७ एमएम वेटसूट की ड्रायसूट? मुंबईहून थंड पाण्यात निघालेल्यांसाठी

माझ्या भाचीला डिसेंबरात ऑफिसच्या कामासाठी केपटाउनला जायचंय. शेवटचे दोन दिवस मोकळे आहेत आणि तिथल्या केल्पच्या, म्हणजे समुद्रातल्या उंच शेवाळाच्या, जंगलात डाइव्ह करायचीच, हे तिने ठरवून टाकलंय. परवा शिवाजी पार्कला भेटलो तेव्हा तिने थेट विचारलं, "मावशी, ७ एमएम पुरेल ना गं? की ड्रायसूटच लागेल?" वेटसूट म्हणजे निओप्रीन या फेसाळ रबराचा, अंगाला चिकटणारा पण पाणी आत येऊ देणारा सूट, आणि एमएम ही त्याची जाडी. ड्रायसूटमध्ये पाणी शिरतच नाही. तिच्या नोंदवहीत चाळीसेक डाइव्ह आहेत. तारकर्ली, नेत्राणी, अंदमान, सगळ्या २७-२८ अंशांच्या पाण्यातल्या. असाच प्रश्न पडलेले मुंबईत आणखीही बरेच जण असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाण्याच्या तापमानाच्या आकड्याबद्दल. जानेवारीत पारा १६ वर आला की आपण शाल काढतो, पण गच्चीवर तासभर गप्पा मारायला काही अडचण येत नाही. १६ अंशांचं पाणी हा वेगळा मामला आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. २८ अंशांच्या पाण्यातही ती ऊब जातच असते, फक्त हळूहळू. तारकर्लीत तिसऱ्या डाइव्हनंतर होडीत कुडकुडणारी धडधाकट माणसं मी पाहिली आहेत.

माझा धडा मला बालीत मिळाला. नुसा पेनिडाला मोला मोला हा अवाढव्य मासा पाहायला गेले होते, ऑगस्टात. सूट भाड्याने देणारा म्हणाला ३ एमएम चालेल, मीही मान डोलावली. पंधरा-सोळा मीटरवर समोरचं पाणी थरथरताना दिसलं. ग्लासात साखर विरघळताना रेघा दिसतात ना, अगदी तसं. तो थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं कोमट आणि खालचं गार पाणी यांच्यामधली सीमा. त्याच्या खाली डाइव्ह कॉम्प्युटरने १९ अंश दाखवलं. पहिल्यांदा मानेमागून पाणी शिरून पाठीच्या कण्यावरून खाली उतरलं, आणि दहा मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. गेजची क्लिप सोडवायला तीनदा प्रयत्न केला. अंगठा करंगळीला टेकवून पाहिला, टेकेना. मी बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, वर जायची खूण केली. मासा दिसला नाही याचं वाईट वाटलं, पण त्या हातांनी मास्क निसटला असता तर पुन्हा बसवता आला नसता. तेव्हापासून माझी मर्यादा मी अंशांत मोजत नाही. अंगठा करंगळीला टेकायचा थांबला, किंवा अंग आपोआप थरथरायला लागलं, की डाइव्ह संपली.

आता वेटसूट. आत शिरलेल्या पाण्याच्या पातळ थराला शरीर गरम करतं आणि निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. म्हणून सूट अंगाला चिकटून बसायला हवा. बगलेत किंवा कमरेत पोकळी राहिली की प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर होतं आणि ७ एमएमचा काही उपयोग राहत नाही. खरी अडचण खोलीची. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो, बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो. म्हणजे जिथे ऊब जास्त लागते तिथेच ती कमी मिळते. वर आल्यावर ओल्या सूटवर होडीतला वारा लागतो तो वेगळाच. पहिली डाइव्ह निभावते, दुसरीला माणूस आधीच गारठलेला असतो. वेटसूटची परीक्षा दुसऱ्या डाइव्हला होते.

त्याच्या जमेला मात्र मोठी गोष्ट आहे: तो तुम्हाला आधीच वापरता येतो. नवीन काही शिकावं लागत नाही.

ड्रायसूटमध्ये तुम्ही कोरडे राहता. ऊब देतात ते आतले कपडे आणि त्यांत अडकलेली हवा. ट्रायलॅमिनेटचं, म्हणजे तीन थरांच्या पातळ कापडाचं, बाहेरचं कवच स्वतः काहीच ऊब देत नाही. खाली जाताना छातीवरच्या व्हॉल्व्हने सिलिंडरमधली हवा आत घ्यायची, वर येताना दंडावरच्या व्हॉल्व्हने सोडायची. त्यामुळे ३० मीटरवरही ऊब जवळपास तेवढीच राहते, आणि दोन डाइव्हच्या मध्ये सूट न उतरवता चहा पिता येतो. पण हवेचा हा फुगा सांभाळणं हे वेगळं कसब आहे. डोकं खाली, पाय वर झाले की हवा पायांत धावते आणि माणूस उलटा वर खेचला जातो. हे आवरायचं कसं ते स्विमिंग पूलमध्ये, प्रशिक्षकासमोर शिकायचं. वजनंही जास्त लागतात. आणि लघवीचा प्रश्न खरा आहे. गार पाण्यात ती जास्तच लागते, वेगळी सोय करून घेतली नसेल तर थांबावं लागतं. म्हणून लोक पाणी पिणं टाळतात. तसं करू नका. शरीरात पाणी कमी असणं डायव्हरला परवडत नाही.

गारठ्याचा डिकंप्रेशनशी, म्हणजे वर येताना शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडण्याशीही, संबंध आहे. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाच्या २००७ सालच्या अहवालात दिसलं की तळाशी उबदार आणि वर येताना गारठलेल्या डायव्हरना बेंड्सचा, म्हणजे त्या वायूचे शरीरात बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाचा, धोका बराच वाढतो. सूटची ऊब मोजायची ती सुरुवातीच्या दहा मिनिटांवरून नाही, वर येतानाच्या शेवटच्या थांब्याला, सेफ्टी स्टॉपला, काय अवस्था आहे त्यावरून.

सेमी-ड्राय म्हणजे मनगट, घोटे आणि मानेला घट्ट सील असलेला जाड वेटसूटच. नावावर जाऊ नका, त्यात अंग भिजतं. पण साध्या ७ एमएमपेक्षा बरा, मिळाला तर तोच घ्या.

ढोबळ हिशेब मी असा धरते: २४ च्या वर ३ ते ५ एमएम, १८ ते २४ मध्ये ५ ते ७, आणि १४ च्या खाली ड्रायसूट. मधल्या पट्ट्यात शरीर ठरवतं. बारीक अंगाची माणसं लवकर गारठतात. झोप झाली नसेल, पोट रिकामं असेल तर कालचा चांगला सूट आज अपुरा पडतो. ब्लड प्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गार पाण्यात शिरताना पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास आपोआप धपापतो, हृदयावर एकदम ताण येतो. पायऱ्या धरून सावकाश उतरा, श्वास स्थिर झाल्याशिवाय खाली जाऊ नका.

हूड मात्र दोन्ही सूटना लागतोच. डोक्यातून निम्मी ऊब जाते ही समजूत खरी नाही, पण गार पाणी एकाच कानात घुसलं तर जोरदार चक्कर येऊ शकते. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत देणारं उपकरण, तिथलाच भाड्याने घ्या. युरोपीय मानकात १० अंशांखालचं पाणी म्हणजे थंड पाणी, आणि त्यासाठी तपासलेला नसलेला रेग्युलेटर गोठून हवा धो धो सोडू शकतो.

भाचीला मी काय सांगितलं? केपटाउनला दोन समुद्र आहेत असंच समज. डिसेंबर तिथला उन्हाळा, पण आग्नेयेचा वारा सुटला की अटलांटिक बाजूला खोलातलं गार पाणी वर येतं आणि ते १० अंशांच्या आसपास जातं. दुसऱ्या बाजूच्या फॉल्स बे या खाडीचं पाणी त्या दिवसांत बरंच ऊबदार असतं, फक्त वाऱ्याने गढूळ होतं. तू फॉल्स बेला जा. ७ एमएम, हूड, हातमोजे, बूट, आणि दिवसाला एकच डाइव्ह, चाळीस मिनिटांच्या आत. अटलांटिकचं नितळ पाणीच हवं असेल तर पहिला दिवस ड्रायसूटच्या कोर्सला दे. कोर्स न करता ड्रायसूट घालून समुद्रात उतरायचं नाही, हे मी तिला दोनदा बजावलं.

आइसलंडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत डाइव्ह करायचं स्वप्न असेल तर हा प्रश्नच उरत नाही. तिथे पाणी बारमाही २ ते ४ अंश, ड्रायसूट सक्तीचा, आणि त्याचं प्रमाणपत्र किंवा आधीच्या ड्रायसूट डाइव्हची नोंद मागतात.

विकत काय घ्यावं? मुंबईत राहून ड्रायसूट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षात दोनदा वापरायचा आणि बाकीचे महिने इथल्या उकाड्यात आणि पावसाळी दमटपणात कपाटात ठेवायचा. लेटेक्सचे सील उष्णतेने चिकट होतात, तडकतात, आणि आतल्या कपड्यांना जुलैत बुरशी धरते. त्याऐवजी स्वतःच्या मापाचा ५ एमएम आणि हूड असलेलं जाकीट घ्या. बालीपासून हिवाळ्यातल्या लाल समुद्रापर्यंत ते चालतं. गोड्या पाण्यात धुवा, सावलीत, रुंद हँगरवर, आतली बाजू बाहेर करून वाळवा. घडी घातलीत तर दुमडीच्या जागी निओप्रीन कायमचं चेपतं, आणि पुढच्या वेळी गारठा नेमका तिथूनच शिरतो.