बाटली खरी, आतली रोझबँक खोटी

साडेचारशे पौंड गेले. लाजेपोटी कुणाला बोललो नव्हतो, पण परवा ऑफिसातला एक पोरगा अशाच बाटलीच्या मागे लागलेला दिसला, म्हणून लिहितोय.

मी ग्लासगोत राहतो. सासरे नाशिकहून पहिल्यांदाच येणार होते. म्हटलं, त्यांना रोझबँक ही स्कॉच व्हिस्की पाजू. फॉलकर्कला कालव्याकाठी असलेली ही डिस्टिलरी १९९३ साली बंद पडली. २०२३पासून पुन्हा सुरू झालीय, पण लोक जीव टाकतात तो जुन्या मालावर. (जुनी तांब्याची भांडी तर मधल्या काळात चोरांनीच पळवली!) दुकानातले भाव ऐकून घाम फुटला. ऑनलाइन एकाकडे १२ वर्षांची बाटली बरीच स्वस्तात दिसली. "आजोबांच्या कपाटातली आहे," म्हणाला. मग लिलावात का देत नाही? तर म्हणे, "कमिशन कशाला घालवू?" मला पटलं. खरं तर पटवून घ्यायचंच होतं.

इतकी वर्षं जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं, कितीदा अर्धं गळ्यातच तुटतं. हे कालच बसवल्यासारखं अलगद निघालं. तेव्हाच थांबायला हवं होतं. सासऱ्यांनी ग्लास नाकाशी नेला. "जावईबापू, हिला चुलीचा वास येतोय हो."

रोझबँक तीनदा गाळलेली, हलकी, फुलांच्या वासाची. तिच्यात धूर कुठून येणार?

मग बाटली दिव्याखाली धरली. लेबल खरं, काच खरी, खोकाही खरा. पण बुचावरचं आवरण काढलं, तिथे गळ्याला जुन्या गोंदाचं पिवळं कडं होतं आणि त्यावर नव्या गोंदाची चमक. इथे दुर्मिळ व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या खोक्यासकट विकल्या जातात. मी हौशी लोक घेत असतील असं समजायचो; त्यात दुसरीच दारू भरून पुन्हा विकता येते, हे डोक्यातच आलं नाही. २०१८ साली स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत कार्बन चाचणीने (दारू खरंच किती जुनी ते कळतं) ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या, तर २१ खोट्या निघाल्या. हे मी वाचलेलं होतं, बरं का!

विक्रेत्याने त्याच रात्री ब्लॉक केलं. पैसे मी थेट खात्यात टाकलेले. बँक म्हणाली, बघतो. अजून बघतेच आहे. लिलावघरात निदान कुणीतरी बाटली हातात घेऊन तपासतं, आणि भांडायला एक दार असतं. ते कमिशन मी वाचवलं.

उरलेली सासऱ्यांनी सोडा घालून संपवली, "वाईट नाही" म्हणत. बाटली रिसायकलला टाकण्याआधी मी लेबलवर खिळ्याने आडवी-उभी रेघ ओढली आणि खोका फाडला.